बिनविरोध

परिषद चहा यायच्या आत संपली आणि तिथूनच माझं बिनसलं. खरं तर ती दुपारभर चालायला हवी होती. बेळगावातल्या एका कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवते. अन्नधान्याचं धोरण, शेतीमालाचे भाव, साठा, वाटप हे सगळं मुलांच्या एका कानातून शिरतं आणि दुसऱ्यातून निघून जातं, हे बघून बघून कंटाळले आणि यंदा ठरवलं, की एका दुपारपुरतं मुलांनाच सरकार करून टाकायचं. मनानंच एक राज्य रचलं. तिथं पाऊस नाही. गोदामात धान्य आहे, पण सगळ्यांना पुरेल इतकं नाही. प्रत्येकानं आदल्या दिवशीच एक चिठ्ठी उचलायची आणि चिठ्ठीत निघेल तो माणूस व्हायचं. कुणी अन्नमंत्री, कुणी साखर कारखान्याचा चेअरमन, कुणी अडत्या, कुणी तंबाखूवाला शेतकरी, कुणी शेतमजूर. एक चिठ्ठी मी मुद्दाम घातली होती, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची. ज्याच्याजवळ सौद्यात टाकायला काहीच नाही असा एक जण बैठकीत असला, की बाकीच्यांची खरी परीक्षा होते, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलंही होतं. आधी मागण्या, मग घासाघीस, मग हात वर करून निर्णय. भांडा, म्हटलं होतं मी, आवाज चढले तरी चालतील. आणि फळ्याजवळ खुर्ची टाकून गंमत बघायला बसले होते.

भांडण झालंच नाही. अन्नमंत्री झालेला मंथन उठला आणि त्यानं सरळ ठरावच मांडला. शेतमजुराला पुरतं धान्य, कारण त्याला राबायचं आहे. कारखान्याचं पाणी आहे तसंच. तंबाखूवाल्यानं थोडी जमीन ज्वारीला द्यायची, बदल्यात त्याला चांगला भाव. आणि तरीही जी तूट राहते ती, एकट्या म्हाताऱ्या माणसांचं धान्य बंद करून भरून काढायची. ठरावाच्या सूचक, त्या म्हाताऱ्या माणसांच्याच प्रतिनिधी, मंजुश्री. सगळे हात एकदम वर गेले. मंजुश्रीचाही गेला. ठराव बिनविरोध मंजूर, असं मंथननं जाहीर केलं, वर्गानं टाळ्या वाजवल्या आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, शाबासकीसाठी. मी काय बोलले ते आता आठवत नाही. बहुतेक ‘छान’ म्हणाले असेन. शिक्षकांच्या तोंडून ते आपोआप निघतं.

मंथनला मी विचारलं, की घासाघीस कुठे गेली. तर त्यांनी ती कालच कॅन्टीनमध्ये बसून उरकून टाकली होती. मॅडमसमोर तमाशा नको, असं सगळ्यांचं मत पडलं. एकही हात खाली राहिला नाही हे त्यानं मला दोनदा सांगितलं. बिचाऱ्याला वाटत होतं, याचेच जास्त मार्क असणार. त्याला तरी कुठल्या तोंडानं रागवायचं? याच मुलखातली मुलं ती. दूध डेअरी असो, पतसंस्था असो, नाहीतर देवळाची कमिटी असो, वडीलधारी माणसं आदल्या दिवशी कुणाच्या तरी सोप्यावर, ओसरीत बसून काय ते मिटवून टाकतात आणि सभेत नुसते हात वर होतात, हे बघतच ती वाढली. निवडणूक बिनविरोध झाली की गावात फलक लागतात. मत द्यावं लागलं तर लोक ओशाळतात, घरातलं भांडण रस्त्यावर आल्यासारखे. मीही त्यातलीच. फक्त पुस्तकं वाचून मी ते विसरले होते.

मुलं पांगली. मंजुश्री मागे राहिली होती, ‘वृद्ध’ असं लिहिलेला छातीवरचा बिल्ला काढायला तिला वेळ लागत होता. शहापूरच्या विणकराच्या घरातली पोर, आपण होऊन कधी बोलत नाही, दोन यंत्रमागांच्या खडखडाटात वाढल्यामुळे असेल, बोलली तर जरा मोठ्यानं बोलते आणि मग लाजते. मी तिला विचारलं, की तूच सूचक हो, असं तुला कुणी सांगितलं. मला वाटलं होतं, मंथनचं नाव येईल.

"कुणीच न्हाय सांगितलं, मॅडम. सगळी माझ्याकडंच बघाय लागलती. मग मीच म्हटलं, काढा माझं नाव."

असं म्हणून ती हसली. बिल्ला माझ्या टेबलावर ठेवला, टाचणी नीट बंद करून, आणि निघून गेली. मी त्या बिल्ल्याकडे बघत बसले. शिपाई चहाची किटली घेऊन आला, रिकामा वर्ग बघून त्यानं मला विचारलं की मॅडम, एवढ्या चहाचं काय करायचं, आणि मी त्याच्यावर उगाचच खेकसले.

मला लगेच निघायचं होतं. कोगनोळीला, माहेरी. आज संध्याकाळी घरची सगळी माणसं जमणार होती. माझे वडील, नेमिनाथ आप्पा, उद्या सकाळी मुनिमहाराजांच्या पायाशी बसून सल्लेखनेचं व्रत घेणार होते. उद्यापासून अन्न बंद. मग काही दिवसांनी ताक बंद, मग पाणी. आमच्या धर्मात यापेक्षा मोठं मरण नाही. पण ते घ्यायचं तर घरच्यांची संमती लागते, सगळ्यांची, मनापासून. ती विचारायला बस्तीतले, म्हणजे आमच्या जैन देवळातले, उपाध्ये आज दिवस मावळायच्या आत येणार होते. गोमटेश अण्णानं, माझ्या थोरल्या भावानं, फोनवर हे सगळं सावकाश सांगितलं होतं आणि शेवटी म्हणाला होता, "तुला कॉलेज असंल तर न्हाय आलीस तरी चालतंय." किती समजूतदार आहे अण्णा, असं वाटलं होतं तेव्हा. आज त्या रिकाम्या वर्गात बसून ते वाक्य परत ऐकू आलं. आमच्या गावात ज्याची हरकत असते तो सभेच्या दिवशी मळ्यात निघून जातो. मोटर बिघडली म्हणतो, पाव्हणे आले म्हणतो. म्हणजे ठरावही बिनविरोध होतो आणि त्याचाही मान राहतो. अण्णानं मला मळ्यात जायची सोय करून दिली होती.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पण काकती सुटली तरी मला बाहेरचं काही दिसत नव्हतं. एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. व्रत घ्या असं आप्पांना कुणी सांगितलं नाही, हे मला ठाऊक होतं. अण्णा वाईट नाही. त्रिशला वहिनी तर सोनं आहे, खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून आप्पांचं सगळं तीच करते, उठवण्यापासून बसवण्यापर्यंत, आणि कधी तोंड वाकडं केलं नाही. कुणी वाईट असतं तर बरं झालं असतं. मी पदर खोचून भांडले असते. पण सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. गेल्या वर्षभरात मी जेव्हा जेव्हा गेले तेव्हा तेव्हा कुणीतरी आलेलं असायचं, आणि आलेला प्रत्येक जण आप्पांना तेच म्हणायचा. भाग्यवान आहात, सगळं बघितलंत, नातवंडांची लग्नं बघितली, आता काय राहिलं? प्रेमानंच म्हणायचे. आप्पा मान हलवायचे. मग सगळे गप्प होऊन त्यांच्याकडे बघायचे, आणि चहाच्या कपांचे आवाज तेवढे व्हायचे. एकदा जेवताना त्यांच्या हातून ताकाची वाटी सांडली. कुणी हूं की चूं केलं नाही. वहिनीनं फडकं आणलं, अण्णानं ताट बाजूला सरकवलं, सगळं अगदी हळुवार. पण सगळ्यांनी बघितलं होतं. आप्पा त्या सांडलेल्या ताकाकडे बघत होते आणि त्यांचे कान लाल झाले होते. आप्पांचे कान लाल झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

पण नसेलही तसं. हेच तर मला छळत होतं. आमची आजी, आप्पांची आई, अशीच गेली. मी परकर पोलक्यातली होते. शेवटी शेवटी तिच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं होतं की मला तिच्याजवळ जायला भीती वाटायची आणि जावंसंही वाटायचं. गावोगावची माणसं पाया पडायला रांग लावून उभी होती. आप्पा तिच्या उशाशी बसून स्तोत्र म्हणायचे आणि त्यांचा आवाज एकदाही कापला नाही. ते त्यांनी तेव्हाच मनात धरलं असेल तर? आयुष्यभर वाट बघून आता दाराशी आले असतील आणि मी, चार पुस्तकं शिकलेली पोरगी, मागून त्यांचं धोतर ओढणार? एका माणसाचा परलोक बिघडवणार, तेही माझ्या वर्गातली एक मुलगी बिल्ला काढताना काहीतरी बोलली म्हणून? हे पाप कुठल्या जन्मी फिटायचं? आणि समजा तसं नसेल, समजा ते घरातल्या माणसांच्या डोळ्यांना भिऊन ताटावरून उठत असतील, तर माझं आज गप्प बसणं कुठल्या जन्मी फिटायचं? बसच्या खिडकीच्या गजाला मी इतकं घट्ट धरलं होतं की शेजारच्या बाईनं मला उलटी होतेय का, म्हणून कन्नडमध्ये विचारलं आणि पर्समधून लिंबू काढून दिलं. मी ते हातात घेऊन बसले.

स्तवनिधीच्या घाटात बस वळायला लागली आणि निपाणीकडचा तो तंबाखूचा उग्र वास आला, किंवा मला आल्यासारखा वाटला. आप्पांचा वास. आम्ही तंबाखूवाले. शेंडे खुडायच्या दिवसांत आप्पांचे हात काळे, चिकट व्हायचे आणि कितीही घासले तरी कडूपणा जायचा नाही. लहानपणी मी जेवताना नखरे करायचे, तेव्हा ते मला मांडीवर घेऊन घास भरवायचे, आणि भाकरी कडू लागायची. मी तोंड वेडंवाकडं करायचे, आई हसायची. पण दुसऱ्या कुणाच्या हातचं मी जेवायचे नाही. मला तो कडूपणाच आवडायचा बहुतेक. अलीकडे एकदा सोप्यावर बसलेले असताना आप्पा मला म्हणाले होते, की जलमभर जे पिकवलं त्यानं कुणाचं पोट भरलं नाही. मी तेव्हा शिक्षिकेसारखं उत्तर दिलं होतं, की आप्पा, त्याच्यावर निपाणी उभी राहिली, किती बायकांच्या चुली पेटल्या. त्यांना बहुतेक उत्तर नको होतं. मग मी काय म्हणायला हवं होतं? माझ्या त्या मनातल्या राज्यात तंबाखूवाला एक चिठ्ठी होता आणि म्हातारं माणूस दुसरी. दोन्ही चिठ्ठ्या एकाच माणसाच्या हातात येऊ शकतात, हे मला रचताना सुचलंच नव्हतं.

कोगनोळीला उतरले तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. घरासमोर चपलांचा ढीग. सोप्यावर, आत, माजघराच्या उंबऱ्यापर्यंत माणसं बसलेली, काका, चुलतभाऊ, त्यांच्या बायका, सगळ्यांनी धुतलेले कपडे घातले होते. लग्नघरासारखं वाटत होतं, फक्त कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. मला बघून अण्णाच्या चेहऱ्यावरून काहीतरी पटकन गेलं. मग तो म्हणाला, बरं झालं आलीस. आप्पा मधल्या खोलीत पाटावर भिंतीला टेकून बसले होते. किती लहान दिसत होते. शर्टाच्या गळ्यातून त्यांची मान आत आत गेली होती. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. उपाध्ये घसा खाकरून काही सुरू करणार तेवढ्यात आप्पांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, जेवलीस का? मी हो म्हणणार होते. पण आप्पांशी खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दिवस मावळंल, म्हणाले ते, हिला आधी वाढा. पोरगी उपाशी असताना काय सुरू करायचं नाही.

वहिनीनं ताट आणलं. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, लोणी. एवढी माणसं गोल करून बसलेली, मध्ये आप्पा, त्यांच्यासमोर मी आणि माझ्यासमोर ताट. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणाच्या डोळ्यांत राग नव्हता, घाई होती, आणि तीही सभ्य घाई, खिडकीतून उतरत जाणाऱ्या उन्हाची. तेव्हा मला कळलं की असं बघितलं जाणं म्हणजे काय असतं. कुणी काही म्हणत नाही आणि आपण स्वतःच म्हणायला लागतो, बरं, झालं, माझं काढा नाव. मी न जेवता बसून राहिले तर? मी उपाशी आहे तोवर आप्पा सुरू करणार नाहीत. एवढाच एक मार्ग मला दिसला, इतका पोरकट. मी ताटाला हात लावला नाही. म्हटलं, मला भूक न्हाय. आणि बसले मान खाली घालून, लहानपणी बसायचे तशी.

आप्पा हसले असावेत. मला दिसलं नाही. त्यांचा हात तेवढा ताटात आलेला दिसला. बोटांना भाकरी मोडेना. मोडली एकदाची. तुकडा आमटीत बुडवला, त्याला लोणी लावलं आणि तो घास माझ्या तोंडाशी आणला. मी पन्नाशीला आलेली बाई. सगळ्यांसमोर मी तोंड उघडलं. घास कडू नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आप्पांच्या हातचा घास कडू लागला नाही, आणि मला एवढं रडू आलं की तो घास गिळताही येईना, थुंकताही येईना. तेवढ्यात उपाध्यांनी खिडकीकडे बघितलं. त्यांचंही बरोबर होतं, वेळ निघून चालली होती. त्यांनी व्रताचं माहात्म्य थोडक्यात सांगितलं, आप्पांनी आजवर कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमा मागतात असं सांगितलं, आणि विचारलं, "घरच्यांची सगळ्यांची संमती हाय न्हवं? कुणाची काय हरकत?" विचारताना ते कुणाकडेच बघत नव्हते. हा प्रश्न उत्तरासाठी विचारायचा नसतो. काका ‘व्हय व्हय’ म्हणाले. मग आणखी दोघं चौघं म्हणाले. अण्णानं डोळे मिटून हात जोडले. माझं तोंड भाकरीनं भरलेलं होतं. मी हात वर केला.

आमच्या घरात असा हात आजवर कुणी वर केला नव्हता, पण त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. वहिनीनं तोंडाला पदर लावला. अण्णा माझ्याकडे सरकला, माझ्या कोपराला धरून हळूच म्हणाला, की ब्राह्मी, हात खाली घे, असं करू नये. मला तो कोपर सोडवता येत नव्हता आणि बोलताही येत नव्हतं, गालात तो घास तसाच होता.

"ऱ्हाऊ दे रं गोमटेश," आप्पा म्हणाले. "घास गिळू दे तिला. मग बोलंल ती."

मी चावत राहिले. एवढी माणसं माझ्या चावण्याकडे बघत होती. वाटेत बसमध्ये मी किती काय काय जुळवलं होतं. डॉक्टरांचं सांगेन, उन्हाळ्याचं सांगेन, माझ्याकडे बेळगावला चला म्हणेन. त्यातलं एकही धड आठवेना. घास एकदाचा खाली गेला.

"माझी हरकत हाय, आप्पा," मी म्हटलं.

आप्पांनी माझ्यावरची नजर काढली आणि ते खोलीभर बघायला लागले. आधी अण्णाकडे, मग वहिनीकडे, मग एकेका काकांकडे, चुलतभावांकडे, उंबऱ्याशी बसलेल्या सुनांकडे. सावकाश, कुणालाही न वगळता, जणू कुणी राहून गेलं असेल तर त्याला अजून वेळ होता. ज्याच्यावर ती नजर येई तो खाली बघे. अण्णानंही खाली बघितलं. माझ्या कोपरावरचा त्याचा हात आपोआप सुटला होता. सगळीकडे फिरून आप्पा परत माझ्यापाशी आले.

"एवढ्या माणसांत एक तरी निघाली," ते म्हणाले.

एवढंच. उपाध्ये पंच्याच्या टोकाशी चाळा करत बसले. कुणी उठेना. मी आप्पांच्या चेहऱ्याकडे बघायचा प्रयत्न केला, पण खोलीत अंधारून आलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं, म्हणून मला त्यांचा हातच दिसत राहिला. भाकरीचा उरलेला तुकडा त्या हातात होता. त्यांनी तो परत ताटात ठेवला नाही. मूठ मिटून मांडीवर ठेवली. वहिनीनं उठून दिवा लावला. बाहेर दिवस मावळला होता, आणि आमच्यात दिवस मावळल्यावर सकाळपर्यंत कुणी काही खात नाही.